दार लागत नव्हतं: एका गंजलेल्या मॉरिस मायनरचं प्रकरण

सिलचं, म्हणजे दाराखालच्या पोकळ तुळईचं, वेल्डिंग संपलं, टाके घासून सपाट केले आणि सात रविवारांनंतर चालकाच्या बाजूचं दार पुन्हा बिजागऱ्यांवर चढवलं. ओढून घेतलं, तर ते लागलंच नाही. कुलपाची जीभ खटक्यात शिरण्याऐवजी त्याच्या ४ मिलिमीटर वर जाऊन आदळत होती. दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या अंगाला ठीक होती. खाली मात्र इतकी मिटली होती की कागदसुद्धा शिरेना. वेल्डिंग देखणं झालं होतं, हे मुद्दाम सांगतो. पाहायला आलेल्या दोघातिघांनी त्याचं कौतुकही केलं होतं.

गाडी १९५९ सालची दोन दारांची मॉरिस मायनर १०००, इंजिन ९४८ सीसी. माझी पात्रता म्हणाल तर सायकल आणि दुचाकी खोलून परत जोडलेली, आणि भंगार पत्र्यावर तीन महिने वेल्डिंगचा सराव केलेला. ही गाडी निवडण्याचं कारण भावनिक कमी, व्यावहारिक जास्त. १९४८ ते १९७१ या काळात मायनर सोळा लाखांवर बनल्या. त्यामुळे सिलपासून मडगार्डपर्यंत जवळपास प्रत्येक पत्रा आजही नवा घडवलेला मिळतो. नवशिक्याने पहिल्याच खेपेला दुर्मीळ गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्मीळ गाडीचा एक दिवा शोधण्यात वर्ष जातं आणि तेवढ्यात उत्साहालाच गंज चढतो.

दुसरं कारण थोडं पोरकट होतं. मायनर बाजारात येण्याच्या थोडं आधी तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस याला ती फार अरुंद वाटली. त्याने नमुना गाडी लांबीत मधोमध कापायला लावली, दोन्ही भाग ४ इंच लांब सरकवून डोळ्यांनी प्रमाण जोखलं आणि तीच रुंदी पक्की केली. बॉनेटच्या मधोमध दिसणारी उंच पट्टी ही त्या वाढीव चार इंचांची खूण. मी मनाशी म्हटलं, जी गाडी जन्मण्याआधीच कापून जोडली, तिची एक सिल कापायला काय लागतं? पुढचा सगळा घोळ या वाक्यातून झाला.

कापण्याआधी काय दिसत होतं

वरून पाहिलं तर गाडी फार वाईट नव्हती. रंग फिका, मडगार्डांच्या शिवणीवर फोड, दारांच्या खालच्या कडा चाळणी झालेल्या. छत आणि बॉनेट शाबूत. मऊ कापडात लोहचुंबक गुंडाळून सगळ्या अंगावरून फिरवला. जिथे पकड सैल पडली तिथे पत्रा नव्हे, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) होती. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीवर तर चुंबक सरळ खाली पडला.

मग खालून जुन्या पेचकसाच्या टोकाने टोचायला सुरुवात केली. कोणाही हौशी माणसाने हत्याराची पहिली खरेदी करण्याआधी ही टोचणी करावी. गंजाचे तीन प्रकार हाताला वेगवेगळे कळतात. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो, खाली धातू चकाकतो. दुसरा पापुद्र्यांचा, हातोडीने ठोकलं की खपल्या पडतात, आणि उरलेला पत्रा किती जाड आहे ते खपल्या पडल्यावरच कळतं. तिसऱ्यात पेचकस थेट आत जातो. चालकाच्या बाजूच्या सिलमध्ये तो मुठीपर्यंत गेला.

सिलवर आधीच्या कुणीतरी नवा पत्रा रिव्हेटने ठोकला होता, त्यावर लांबी, त्यावर डांबरी लेप. आतली जुनी सिल तशीच सडत ठेवलेली. तिच्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते आणि तळाला तीन बोटं चिखल साचला होता. पाणी निघून जायची भोकं त्या डांबरी लेपानेच बुजली होती. या लेपावर माझा राग आहे. कोऱ्या, कोरड्या पत्र्यावर तो ठीक. गंजावर मारला की ओलावा आत कोंडला जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो फुगतो, जोड फाकवतो, आणि फाकलेल्या जोडात आणखी पाणी शिरतं.

सिलखेरीज चालकाच्या पायाखालच्या फरशीची कड गेली होती, आणि पुढच्या सीटांखालून आडव्या जाणाऱ्या बीमचं उजवं टोक. हा बीम लक्षात ठेवा. मायनरच्या पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग नसतात. गाडीच्या लांबीत टाकलेले पोलादी दांडे, म्हणजे टॉर्शन बार, पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करतात. त्या दांड्यांची मागची टोकं याच बीममध्ये अडकवलेली असतात. जॅक लावायची जागाही याच बीमच्या टोकांना.

पहिला प्रयत्न

सीटा, गालिचे, दारं काढली. इंजिन काढायला साखळी-कप्पी नव्हती, म्हणून ते जागेवरच ठेवलं. पुढची चाकं काढली. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे टेकवायच्या लोखंडी स्टँडांवर, घेतली: दोन मागे, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या बैठकीखाली, आणि दोन मधल्या आडव्या बीमच्या टोकांखाली. कारखान्याने जॅक लावायला दिलेली जागा तीच, तेव्हा घोडीसाठीही तीच उत्तम, असा माझा हिशेब.

मग सिल कापली. थोडी थोडी नव्हे. दाराखालचा पूर्ण पट्टा, बाहेरचा आणि आतला, एका दुपारी. रिकामी जागा पाहून मला फार बरं वाटलं. कुजलेलं सगळं गेलं, आता स्वच्छ कोरं काम. नवी सिल बसवली, चिमटे लावले आणि खालची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मारत नेली. कारखान्यात तिथे ठिपक्यांचं स्पॉट वेल्डिंग असतं हे दिसत होतं. पण सलग म्हणजे जास्त मजबूत, नाही का?

याच काळात एक छोटी आगही झाली. फरशीच्या कडेला वेल्डिंग करून मी चहाला गेलो. परत आलो तर डॅशबोर्डखालच्या आवाजरोधक नमद्यातून धूर येत होता. ठिणगी पत्र्यामागे पडून अर्धा तास धुमसत राहिली होती. तेव्हापासून शेवटच्या टाक्यानंतर तासभर गाडीजवळून हलत नाही. बादली आणि अग्निशामक हाताशी असतात. पेट्रोलची टाकी सुदैवाने मी पहिल्याच दिवशी काढून बाहेर नेली होती. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण स्फोट वाफेचा होतो. तसंच, ज्या पत्र्याला वेल्डिंग करायचं तो क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसू नये. उरलेल्या थेंबावर वेल्डिंगची आच लागली की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी पुसत होतो.

काकांचा पहिला प्रश्न

दार लागेना तेव्हा मी बिजागरीखाली वॉशर घालून पाहिले, खटका सरकवून पाहिला. खटका वर घेतला तर जीभ बसली, पण खालचा कोपरा खांबावर घासतच राहिला. दोन रविवार याच्यात गेले. शेवटी ओळखीच्या एका निवृत्त फिटरकाकांना बोलावलं. वेल्डिंग ते तपासतील म्हणून मी ग्राइंडरने आणखी चकचकीत करून ठेवलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"कापताना गाडी कशावर उभी होती रे?"

"घोड्यांवर, काका."

"कुठे लावल्या होत्या?"

मी दाखवलं. त्यांनी वाकून कुजलेल्या बीमचं टोक पाहिलं, मग बॉनेटकडे.

"आणि इंजिन?"

"जागेवरच."

"मग दाराला काय शिव्या देतोस? दार बरोबर आहे. भोक वाकडं झालंय."

मायनरला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हीच चासी. दारासाठी त्या पेटीच्या कुशीला मोठं भोक पाडलेलं असतं आणि भोकाच्या खाली जी पोकळ तुळई उरते ती सिल. काड्यापेटीच्या टरफलाची एक कड फाडली की ते कसं बोटांत पिळतं, तसं माझ्या गाडीचं झालं होतं. घोड्या मध्यावर, त्यांच्या पुढे इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सगळं सस्पेन्शन अधांतरी. उजवी सिल नाहीशी होताच उजवं नाक खाली बसलं. दाराच्या बिजागरीचा खांब खालच्या बाजूने मागे सरकला. खांब कलला म्हणून त्यावर टांगलेल्या दाराची मागची कड वर उचलली गेली. आणि मी त्याच वाकड्या स्थितीत नवी सिल जोडून तो बाक कायमचा करून टाकला.

काकांचा तर्क पटला, पण मोजल्याशिवाय पुन्हा कापायची माझी तयारी नव्हती. आमच्या नशिबाने डावी बाजू मी अजून हात न लावलेली होती. तिला नमुना धरलं. दोन्ही बाजूंच्या दाराच्या भोकाची तळाची रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजले. उजवीकडे तळ ५ मिलिमीटरने कमी. बिजागरीच्या खांबाच्या पायापासून कुलपाच्या खांबाच्या माथ्यापर्यंतचा कर्ण साडेतीनने कमी, दुसरा कर्ण जिथल्या तिथे. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि गाडीची मागची टोकं सारख्या उंचीला आहेत याची खात्री करून पुढच्या दोन चासी-पट्ट्यांची, म्हणजे इंजिनाखाली पेटीलाच जोडलेल्या भक्कम पट्ट्यांची, उंची ताडली. उजवी पट्टी ५ मिलिमीटर खाली. जमीन सपाट नसली तरी या नळीला फरक पडत नाही, म्हणून घरच्या कामात मला ती कुठल्याही महागड्या मापकापेक्षा जवळची वाटते.

कापण्याआधीच्या दाराच्या फटीचं एकही माप माझ्याकडे नव्हतं. एक फोटो होता, तोही दाराचा नव्हे; गाडीवर बसलेल्या मांजराचा. त्यात मागे फट एकसारखी दिसत होती, अंदाजे ५ मिलिमीटर. तेवढ्यावर भिस्त ठेवली.

उसवण

आपणच घातलेले टाके उसवायला बसणं जड जातं. त्यातून सलग शिवण उसवणं म्हणजे प्रत्येक सेंटिमीटर ग्राइंडरने खाणं. ठिपके असते तर ड्रिलने एकेक सोडवता आले असते. कारखाना ठिपके का मारतो याचं एक कारण मला त्या आठवड्यात मनगटाने शिकवलं.

आधी आधार बदलले. पुढच्या घोड्या इंजिनाखालच्या भक्कम चासी-पट्ट्यांखाली नेल्या, मध्ये जाड फळी घालून, म्हणजे भार पसरेल. मागच्या सरळ अ‍ॅक्सलखाली. वजन जिथून चाकांवर उतरतं तिथेच उचललं. टॉर्शन बारचा ताण सोडवला, कारण बीमचं टोक बदलायचं होतं आणि पिळलेल्या दांड्याची बैठक कापणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. याचा एक आनुषंगिक फायदा झाला. मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या फरशीखाली चासीच्या पोकळीत असतो आणि त्याच्या बोल्टच्या वाटेत हा दांडा आडवा येतो. दांडा सैल झालाच होता, तर सिलिंडरही काढून नवा घातला.

मग खालची शिवण कापली. पाती आरपार जाताच खाच आपोआप साधारण १ मिलिमीटरने रुंदावली. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. सलग शिवणीने सिलचा तळ आखडून धरला होता. त्यानंतर उजव्या पट्टीखालचा जॅक चतकोर फेऱ्यांनी उचलत, प्रत्येक वेळी नळी आणि कर्ण पाहत गेलो. आणखी ४ मिलिमीटर मिळाले आणि दोन्ही कर्ण डाव्या बाजूशी जुळले. हिशेब प्रयोगशाळेतला नव्हे. पण पाच मिलिमीटरांपैकी एकाचा दोष माझ्या वेल्डिंगला आणि चारांचा माझ्या घोड्यांना, असं मी धरतो. लोक नवशिक्याला वेल्डिंगची भीती घालतात. कापायच्या आधी गाडी कुठे टेकवायची याबद्दल फार कमी बोलतात.

माप जुळल्यावर २५ मिलिमीटरचे चौकोनी पाइप भोकाच्या आतल्या अंगाने तिरपे आणि आडवे टाक्यांनी पक्के केले. एक पाइप या खांबापासून गाडीच्या पलीकडच्या खांबापर्यंत. आतल्या अंगाने अशासाठी की दार टांगलेलं राहावं. या खेपेला दार पूर्ण वेळ बिजागरीवर होतं. तीन टाके मारायचे, दार लावून पाहायचं, पुन्हा तीन.

आधी बीमचं टोक, मग १.२ मिलिमीटरची बॉक्सिंग प्लेट, म्हणजे सिलची आतली भिंत, मग फरशीची कड, आणि सगळ्यात शेवटी बाहेरची १ मिलिमीटरची सिल. कडांना ६ मिलिमीटरची भोकं पाडून ती भरत गेलो, म्हणजे कारखान्याच्या ठिपक्यांसारखाच जोड. एक ठिपका पुढे, पुढचा मागच्या टोकाला, तिसरा मध्ये. पत्र्यावर हात ठेवता आला तरच पुढचा. वेल्डिंगची तार ०.६ मिलिमीटरची, वायू आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. एकावर एक बसणाऱ्या पृष्ठभागांना वेल्डिंगखाली टिकणारा जस्ताचा प्रायमर. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या आणि तोंडावर योग्य मास्क.

पाइप कापून काढायचा दिवस मी तीनदा पुढे ढकलला. शेवटी काढले. कर्ण अर्ध्या मिलिमीटरने हलला, त्यापलीकडे नाही. गाडी चाकांवर उतरवली. मागच्या कडेची फट वर ५, मध्ये ५, खाली साडेचार.

डाव्या बाजूची सिल थोडी बरी होती, पण सडकीच. तिला चार रविवार लागले. उजवीला एकूण अठरा. त्यातले सात चुकीचं करण्यात, दोन दाराशी भांडण्यात आणि नऊ उसवून नीट करण्यात गेले.

रंगाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून पॉलिश पेपर ओलाच चालवला. इपॉक्सी प्रायमरपर्यंत मी केलं. त्यावरच्या, दोन घटक मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट ही घातक रसायनं असतात. त्यांना साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून फवारणी व्यावसायिकाकडून करून घेतली. रंग वाळल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं. पाणी निघायची भोकं तारेने मोकळी केली, आणि दर पावसाळ्याआधी आजही करतो.

गाडी रस्त्यावर आली त्याला दोन वर्षं झाली. दार लागतं. परवा मागचं डावं चाक काढलं होतं, तेव्हा पाट्याच्या पुढच्या बैठकीवर रंगाखाली हरभऱ्याएवढा फोड दिसला. मेणाची नळी तिथे वळत नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. पेचकसाने टोचलं. अजून आत गेला नाही. डाव्या दाराच्या भोकाचे कर्ण मोजून वहीत तारखेनिशी लिहिलेत, आणि घोड्या बाहेर काढून ठेवल्यात.